गणवेशातला प्रत्येक दिवस मोजा: राखीव सैनिकांच्या शिक्षण-सवलतीसाठी अमेरिकन काँग्रेसचा पाठपुरावा कसा करायचा

माझा पुतण्या न्यू जर्सी आर्मी नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ राखीव फौजेत, भरती झाला तेव्हा वहिनीने आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला होता. इंजिनिअरिंगचं शिक्षण सोडून फौजेत कशाला, हा एकच प्रश्न. त्याचं उत्तर तयार होतं: "आई, शिक्षणासाठीच तर चाललोय." चार वर्षांनी तो शिक्षण-सवलतीचा अर्ज भरायला बसला तेव्हा मीच शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन होतो. महिन्याचा एक शनिवार-रविवार म्हणजे वर्षाला २४ दिवस, वर उन्हाळ्यातले १५. एकूण ३९. चार वर्षांचे १५६. सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल या कायद्याच्या हिशेबात त्यातले धरले गेले शून्य.

"काका, मग हे सगळे दिवस मी केलं काय?" त्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, पण ते शोधताना काँग्रेसच्या दारापर्यंत जाऊन आलो. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत आता गार्ड किंवा रिझर्व्हमधलं एखादं पोर आहे. त्या घरांसाठी, आणि कायदा बदलावा म्हणून आपल्यासारख्या साध्या माणसाने नेमकं काय करायचं हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी, हे लिहितोय.

आधी कायदा नीट वाचा, तक्रार नंतर

पहिला जीआय बिल कायदा १९४४चा, रूझवेल्ट यांच्या सहीचा. त्यानंतर बरेच कायदे झाले. आज राखीव सैनिकाच्या दृष्टीने त्यातले दोन कामाचे आहेत.

पहिला माँटगोमेरी जीआय बिलाचा राखीव सैनिकांसाठीचा भाग. बोलीभाषेत 'सोळाशे सहा', कारण तो संघीय कायदेसंहितेच्या दहाव्या शीर्षकातलं प्रकरण १६०६ आहे. सहा वर्षांची बांधिलकी लिहून दिली आणि सुरुवातीचं प्रशिक्षण पुरं केलं की तो मिळतो. मिळतात पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिन्याला ५०० डॉलरच्या आत. योजना १९८५ साली सुरू झाली तेव्हा राखीव सैनिकाला १४० डॉलर आणि पूर्णवेळ सैनिकाला ३०० डॉलर मिळत, म्हणजे सुमारे ४७ टक्के. आज ते प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली आहे. पूर्णवेळ सैनिकाचा आकडा चढत गेला, राखीव सैनिकाचा नुसता महागाईच्या मागे रखडत राहिला. हा एक मुद्दा झाला, आणि माझ्या मते तो पुरेसा मांडला जात नाही.

दुसरा कायदा खरा मोठा: पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल. व्हर्जिनियाचे सिनेटर जिम वेब यांनी तो लावून धरला, २००८ साली मंजूर झाला आणि ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. ३६ महिन्यांचं शिक्षण, सरकारी विद्यापीठाची राज्यातल्या रहिवाशाला लागणारी पूर्ण फी, घरभाडं, पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत. पण हे सगळं मोजलेल्या दिवसांवर. पात्र सेवेचे एकूण ९० दिवस भरले की ५० टक्के, सहा महिने भरले की ६०, दीड वर्षाला ७०, दोन वर्षांना ८०, अडीचला ९० आणि तीन वर्षांना पूर्ण १००. हे ९० दिवस सलग असायची गरज नाही, तुकड्यातुकड्यांनी भरले तरी चालतात. हे बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतं.

मेख 'पात्र' या शब्दात आहे. राखीव सैनिकाला ड्युटीवर बोलावताना आदेशपत्रावर कायद्याचं कलम लिहिलेलं असतं, आणि कुठल्या कलमाखालचा दिवस मोजायचा याची यादी कायद्यातच आहे. यादीत कलम असेल तर दिवस जमा, नसेल तर गेला. महिन्याचा ड्रिल, म्हणजे तो शनिवार-रविवारचा सराव, आणि वार्षिक प्रशिक्षण यादीत नाहीत. त्याच मैदानावर, त्याच चिखलात पूर्णवेळ सैनिक सराव करत असेल तर त्याचा दिवस मोजला जातो. आपल्या पोराचा नाही.

गार्डवाल्यांची आणखी एक अडचण आहे. ते दोन मालकांचे नोकर: दहाव्या शीर्षकाखाली राष्ट्राध्यक्षांचे, बत्तिसाव्या शीर्षकाखाली राज्यपालांचे, पण पगार केंद्राचा. बत्तिसाव्या शीर्षकाखालचे दिवस काही ठरावीक प्रकारांतच धरले जातात, उदाहरणार्थ राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली असेल आणि खर्च केंद्र करत असेल तर. २०२० साली कोरोनाच्या कामावर गार्डचे ४०,००० हून जास्त सैनिक होते. आमच्या एडिसनच्या मेन्लो पार्क इथल्या माजी सैनिकांच्या वृद्धाश्रमातही ते आले होते. त्या वेळी केंद्राचा आदेश २४ जूनला संपणार होता. अनेकांचे त्या दिवशी ८९ दिवस भरत होते. नव्वदाला एक कमी! वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, गार्डच्या संघटना आणि काँग्रेस सदस्य उठले, आणि आदेश ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढवला गेला. एका दिवसाची किंमत काय असते ते सांगायला मी आजही हेच उदाहरण देतो.

आपल्या दिवसांची वही करा

कुणाला फोन करण्याआधी हे काम करा. आम्ही शंभर पानी वही घेतली आणि चार रकाने आखले: तारीख, काम काय, आदेशपत्रावरचं कलम, दिवस मोजला की नाही. माहिती मिळते आदेशपत्रांतून, गार्डच्या वार्षिक निवृत्ती-गुणांच्या पत्रकातून, आणि सेवेतून मोकळं करताना मिळणाऱ्या डीडी-२१४ किंवा एनजीबी-२२ या फॉर्मवरून. आदेशपत्रं फेकू नका, हे मुलांना कानीकपाळी ओरडून सांगा. आमच्याकडे दोन वर्षांची पत्रं जुन्या गाडीच्या डिकीत, ओल्या बुटांखाली सापडली.

वही करताना आपली बाजू फुगवू नका. भरतीनंतरचं मूलभूत आणि कामाचं प्रशिक्षण काही महिने चालतं. ते दिवस खालच्या टप्प्यांत पूर्णवेळ सैनिकालाही मोजून मिळत नाहीत. आम्ही पहिल्यांदा ते धरले होते. पुढे एका कार्यालयात त्यावरूनच आमची विकेट गेली असती. म्हणून चार वर्षांचा आमचा आकडा फक्त १५६ राहिला. तो प्रामाणिक आहे आणि तेवढाही पुरतो: गणवेशातला प्रत्येक पगारी दिवस मोजला तर पुतण्या तेवढ्यावर ५० टक्क्यांना पात्र होतो, आणि आणखी एक वर्षाने १९५ दिवसांवर ६० टक्क्यांना.

मागणी एका वाक्यात बसली पाहिजे

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या भेटीला मी १४ पानी निवेदन घेऊन गेलो होतो. त्यात १९४४ पासूनचा इतिहास, देशभक्ती, आमच्या आजोबांची मराठा लाइट इन्फंट्रीतली नोकरी, सगळं. समोर पंचविशीतली एक मुलगी वही उघडून बसली होती. दोन मिनिटं ऐकून तिने शांतपणे विचारलं, "तुम्हाला आमच्याकडून नेमकं काय हवंय?" मी म्हटलं, या विधेयकाला पाठिंबा द्या, आणि क्रमांक सांगितला. तिने फोनवर पाहिलं आणि म्हणाली, हे मागच्या काँग्रेसमधलं, म्हणजे मागच्या दोन वर्षांच्या मुदतीतलं आहे, ते केव्हाच बाद झालं. कान लाल होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

तर मागणी अशी असावी की ऐकणाऱ्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल. 'राखीव सैनिकांना न्याय द्या' ही मागणी नव्हे, ती भावना झाली. खऱ्या मागण्या साधारण तीन तऱ्हेच्या असतात.

एक म्हणजे समानतेची मोठी मागणी: पगारी ड्युटीचा प्रत्येक दिवस जीआय बिलासाठी मोजा. यासाठीच 'गार्ड अँड रिझर्व्ह जीआय बिल पॅरिटी अॅक्ट' नावाचं विधेयक आहे. कॅलिफोर्नियाचे माइक लेविन यांनी ते २०२१ साली प्रतिनिधीगृहात एच.आर. १८३६ या क्रमांकाने आणलं, आणि १२ जानेवारी २०२२ रोजी ते २८७ विरुद्ध १३५ मतांनी तिथे मंजूरही झालं. सिनेटमध्ये मात्र पुढे सरकलं नाही आणि जानेवारी २०२३ मध्ये ती काँग्रेस संपली तसं मेलं. नंतर ते नव्या क्रमांकाने पुन्हा मांडलं गेलं.

दुसरी तऱ्हा लहान दुरुस्तीची: यादीत एखादं कलम घाला. ही मागणी दिसायला किरकोळ, पण पदरात पडते ती हीच. कलम १२३०४बी खाली कितीतरी युनिट परदेशी पाठवली जात; काम पूर्णवेळ सैनिकाचं, पण जीआय बिलाच्या हिशेबात दिवस नाहीत. त्याहून वाईट कलम १२३०१एच. राखीव सैनिक जखमी होऊन उपचारांसाठी याखाली ठेवला गेला की त्याचे दिवस मोजणं थांबत असे. म्हणजे जखमी झाला म्हणून तोटा! या दोन्ही गोष्टी २०१७ च्या 'फॉरेव्हर जीआय बिल'ने दुरुस्त केल्या. अशी विसंगती सापडली तर सोडू नका. मोठ्या समानतेला विरोध करणाऱ्यांनाही जखमी सैनिकाविरुद्ध मत देणं जड जातं.

तिसरी तऱ्हा म्हणजे प्रकरण १६०६ चं मासिक मानधन वाढवून जुन्या ४७ टक्क्यांकडे नेण्याची. यात दिवस मोजण्याची भानगडच नाही.

तीनपैकी एक निवडा. एका भेटीत तिन्ही मागितल्या तर तिन्ही हवेत जातात.

कुणाचं दार ठोठावायचं

तुमच्या झिप कोडचा एक प्रतिनिधी आणि राज्याचे दोन सिनेटर, एवढेच तुमचे. आपल्याकडे ओळखीच्या आमदाराकडे जायची सवय असते, ती इथे कामाची नाही. मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात आहेत. ते मराठी आहेत म्हणून न्यू जर्सीवाल्याने त्यांना फोन केला तर कार्यालय पहिला प्रश्न झिप कोडचाच विचारेल आणि नम्रपणे तुमच्या सदस्याकडे पाठवेल. मिशिगनमध्ये त्यांच्या मतदारसंघात तुमची बहीण राहत असेल तर मात्र फोन तिने करायचा.

मतदार नसाल तरी चालतं, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. ग्रीन कार्डवाला गार्डमध्ये भरती होऊ शकतो, आणि मतदारसंघात राहणारा कुणीही, एच-वन व्हिसावरचा बापसुद्धा, आपलं म्हणणं सदस्यापुढे मांडू शकतो. फक्त निवडणूक निधीला पैसे द्यायचे नाहीत. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याला ते कायद्याने बंद आहे.

मग समिती. इथे बरेचजण चुकतात. पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल अडतिसाव्या शीर्षकात आहे, त्यामुळे ते दोन्ही सभागृहांच्या माजी सैनिक व्यवहार समित्यांकडे जातं. प्रतिनिधीगृहात त्यातल्या आर्थिक संधी उपसमितीकडे. पण १६०६ दहाव्या शीर्षकात, म्हणून तो सशस्त्र सेना समितीचा विषय. मानधनाची मागणी माजी सैनिक समितीच्या सदस्याकडे घेऊन गेलात तर चहा मिळेल, काम होणार नाही. तुमचा सदस्य त्या समितीवर असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर त्याच्याकडे मागायचं ते सहप्रायोजकत्व, म्हणजे विधेयकावर त्याचं नाव.

गणवेश घरी ठेवा

पोराला भीती असते की कमांडर रागावेल. कायदा त्याच्या बाजूने आहे: दहाव्या शीर्षकाचं कलम १०३४ सांगतं की सैनिकाला काँग्रेस सदस्याशी संपर्क करण्यापासून कुणीही रोखू शकत नाही. पण काही पथ्यं पाळावीच लागतात. बोलायचं ते स्वतःच्या नावाने. सैन्याची किंवा युनिटची भूमिका म्हणून नव्हे. ड्युटीच्या वेळात नाही, सरकारी ईमेल, सरकारी कॉम्प्युटर किंवा प्रिंटरवरून नाही. आणि गणवेशात मुळीच नाही. मोर्चा, राजकीय सभा, उमेदवाराचा कार्यक्रम अशा ठिकाणी गणवेश घालून उभं राहिलं तर नियमभंगाची कारवाई होऊ शकते. तो बोलाचालीत आपला हुद्दा सांगू शकतो, एवढं पुरे. शंका असेल तर युनिटच्या विधी अधिकाऱ्याला आधी विचारून घ्यावं.

खरं तर म्हणूनच आईवडील, काका-मावश्या या कामाला बऱ्या. आपल्यावर यातलं एकही बंधन नाही.

फोन, पत्र, भेट

कॅपिटॉलचा, म्हणजे संसद भवनाचा, स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. तिथून तुमच्या सदस्याच्या कार्यालयाला जोडून देतात. फोन उचलणारा बहुधा इंटर्न असतो. तो नाव, झिप आणि 'बाजूने की विरुद्ध' एवढंच लिहून घेतो. त्यामुळे चाळीस सेकंदांत संपवा. मी तेव्हा इंग्रजीत जे म्हटलं त्याचा मराठी मथितार्थ असा:

"नमस्कार, मी एडिसनला राहतो, माझा झिप अमुक. माझा पुतण्या आर्मी नॅशनल गार्डमध्ये चार वर्षं आहे. त्याने १५६ दिवस ड्युटी केली, पण जीआय बिलासाठी त्यातला एकही मोजला जात नाही. अमुक क्रमांकाच्या विधेयकाला साहेबांनी सहप्रायोजक व्हावं अशी विनंती आहे. ते सध्या सहप्रायोजक आहेत का? नसतील तर हा विषय पाहणाऱ्या सहायकाचं नाव आणि ईमेल मिळेल का?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. सैनिकी विषय पाहणारा सहायक वेगळा असतो, आणि कार्यालयाची भूमिका तोच घडवतो. एकदा त्याचा ईमेल हाती आला की स्विचबोर्डची गरज संपते.

कागदी पत्र वॉशिंग्टनला पाठवू नका. २००१ साली टपालातून अँथ्रॅक्सचे घातक जंतू पाठवले गेले, त्या प्रकरणानंतर काँग्रेसची टपाल तपासणीतून जाते आणि पोहोचायला बराच वेळ लागतो. पत्र द्यायचंच तर मतदारसंघातल्या कार्यालयात हाताने नेऊन द्या. नाहीतर सदस्याच्या संकेतस्थळावरचा फॉर्म. आणि संघटनेने दिलेला तयार मजकूर जसाच्या तसा चिकटवू नका. शंभर सारखी पत्रं आली की कार्यालयात त्यांचा एक गठ्ठा होतो आणि एकच छापील उत्तर शंभरांना जातं. 'डिकीत ओल्या बुटांखाली आदेशपत्रं' हे एक वाक्य मी एका ईमेलात घातलं होतं. सहायकाने पुढच्या भेटीत ते आठवून हसून दाखवलं.

भेटीसाठी वॉशिंग्टन गाठायलाच हवं असं नाही. ऑगस्टमध्ये सदस्य बहुधा मतदारसंघात असतात, आणि टाउन हॉलमध्ये, म्हणजे मतदारांच्या खुल्या सभेत, माइकवर विचारलेल्या प्रश्नाला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. पण एकदा जाऊन याच. प्रतिनिधीगृहाची कार्यालयं कॅनन, लाँगवर्थ आणि रेबर्न या इमारतींत आहेत, कॅपिटॉल साउथ मेट्रो स्टेशनपासून चालत. सिनेटची रसेल, डर्कसन आणि हार्टमध्ये, ती युनियन स्टेशनकडून जवळ. दारावर बॅग तपासतात, बाकी कुणी अडवत नाही. आपल्या मंत्रालयाच्या पासाच्या रांगेत ज्याने दुपार घालवलीय त्याला हे पहिल्यांदा खरंच वाटत नाही.

भेट सदस्याशी होईल अशी आशा धरू नका. सहायक भेटतो, कधी कार्यालयात जागा नसली तर कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच. त्याला कमी लेखू नका. दुसऱ्या भेटीला मी एकच पान नेलं. वर विधेयकाचा चालू क्रमांक, खाली मागणीचं एक वाक्य, मग पुतण्याच्या वहीचं एक पान छोटं करून छापलेलं, तारखांसकट, शेवटच्या रकान्यात 'नाही, नाही, नाही' असं खालपर्यंत. तळाशी माझं नाव आणि फोन. सहायकाने पान हातात घेतलं, बोट त्या रकान्यावरून खाली नेलं आणि विचारलं, "हा शनिवार-रविवार कसला?" सी गर्टच्या फायरिंग रेंजवरचा होता तो. पुढची दहा मिनिटं प्रश्न सहायकच विचारत होता. चौदा पानांनी जे झालं नाही ते त्या रकान्याने केलं.

विरोध ऐकून घ्या, त्याला उत्तर तयार ठेवा

पहिला आक्षेप पैशाचा. विधेयक पुढे जायचं तर काँग्रेसचं अर्थसंकल्प कार्यालय त्याच्या दहा वर्षांच्या खर्चाचा अंदाज काढतं, आणि सक्तीच्या, म्हणजे कायद्यानेच द्यावा लागणाऱ्या, खर्चाला भरपाई दाखवावी लागते: कुठून काढणार? जीआय बिलासारख्या विधेयकांत अनेकदा माजी सैनिकांच्या गृहकर्जावरच्या शुल्काची मुदत वाढवून ती दाखवतात, म्हणजे एका सैनिकाच्या खिशातून दुसऱ्याच्या. यावर नाराजी असते आणि ती समजण्यासारखी आहे. तुम्ही अर्थतज्ज्ञ असल्याचा आव आणू नका. 'टप्प्याटप्प्याने लागू केलं तरी चालेल, पण तत्त्व मान्य करा' असं म्हणणं मला जास्त पटतं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार: अर्धवेळ नोकरीत पूर्णवेळाचा लाभ मिळाला तर पूर्णवेळ कोण जाईल? याला रागावून उत्तर देऊ नका, कारण प्रश्न रास्त आहे. उत्तर अंकगणितात आहे. वर्षाला ३९ दिवस धरले तर केवळ ड्रिल आणि प्रशिक्षणावर तीन वर्षांचे, म्हणजे १,०९५ दिवस भरायला २८ वर्षं लागतील. पूर्ण लाभ फुकटात कुणालाच मिळत नाही; मिळतो तो केलेल्या दिवसांइतकाच. हे गणित मी पानाच्या मागच्या बाजूला छापून ठेवतो, पुढच्या बाजूला नाही.

तिसरा आक्षेप 'त्याग सारखा नाही' हा. इथे वाद घालू नये. लढाईवर गेलेल्याचा मान वेगळाच असतो, ते मान्य करायचं आणि पुन्हा दिवसांवर यायचं: सरावाच्या मैदानावर दोघे एकच काम करत असतील तर तो एक दिवस दोघांचा सारखा धरा, इतकंच.

एकट्याने किती धावणार

हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्या संघटना आहेत. नॅशनल गार्ड असोसिएशन १८७८ पासूनची. साध्या जवानांसाठी एनलिस्टेड असोसिएशन ऑफ द नॅशनल गार्ड. राखीव सैनिकांसाठी १९२२ साली स्थापन झालेली, आता रिझर्व्ह ऑर्गनायझेशन ऑफ अमेरिका म्हणवणारी संघटना. महाविद्यालयातल्या माजी सैनिकांची स्टुडंट व्हेटरन्स ऑफ अमेरिका. सुनावणीला कोण जाणार, कुठल्या समितीत विधेयक अडकलंय, हे त्यांना आपल्याआधी कळतं. सुनावणीसाठी त्यांना खऱ्या माणसांच्या गोष्टी हव्या असतात, आणि तुमच्या वहीचं ते सोनं करतात.

महाराष्ट्र मंडळांचं काय? मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करायला तिला पूर्ण बंदी आहे. विधेयकाबद्दल बोलायला मात्र बंदी नाही, मर्यादा आहे: ते संस्थेच्या कामाचा मोठा भाग होता कामा नये. आमच्या मंडळात गणपतीत एका टेबलावर आम्ही झिप कोडनुसार कार्यालयांचे फोन लिहिलेले कागद ठेवले. मंडळाच्या नावाने काही नाही, ज्याने त्याने आपापल्या नावाने फोन करायचा. मोदकाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे चाळीस सेकंद असतातच.

राज्याचा रस्ता

केंद्रात गाडी अडली की राज्याकडे वळा, तिथे कामं लवकर होतात. गार्ड हे राज्याचं दल असल्यामुळे अनेक राज्यांनी त्याच्या सैनिकांसाठी शिक्षण-सवलतीचे स्वतंत्र कायदे केले आहेत. इलिनॉयमध्ये सरकारी विद्यापीठाची फी माफ होते. न्यू जर्सीतही सरकारी महाविद्यालयांत माफी आहे, पण वर्गात जागा शिल्लक असेल तर. पेनसिल्व्हेनियाने २०१९ साली वेगळीच वाट काढली: आणखी सहा वर्षं राहायची लेखी हमी देणाऱ्या गार्ड सैनिकाच्या जोडीदाराला किंवा मुलांना दहा सत्रांपर्यंत शिक्षण. दल टिकवण्याचं साधन म्हणून ते मांडलं गेलं. खर्चाची धास्ती असलेल्या आमदाराला हेच पटतं. 'सवलत द्या' म्हणण्यापेक्षा 'तयार केलेला माणूस सोडून गेला तर नवा तयार करायला किती पैसे लागतात?' असं विचारून बघा.

या राज्य कायद्यांतली मोठी फट म्हणजे ते बहुधा फक्त गार्डला लागू असतात. त्याच शहरात राहणारा आर्मी रिझर्व्ह किंवा नेव्ही रिझर्व्हमधला मुलगा केंद्राचा, म्हणून राज्य त्याच्याकडे पाहत नाही, आणि केंद्राचं वर सांगितलंच. कायद्याच्या व्याख्येत 'आणि या राज्यात राहणारे राखीव दलांचे सैनिक' एवढे शब्द घालायची मागणी लहान आहे, कुणाही आमदाराला एका बैठकीत समजेल अशी आहे. न्यू जर्सीच्या राजधानीत, ट्रेंटनला, ४० सिनेटर आणि असेंब्लीचे ८० सदस्य, त्यातले तुमचे तीन. त्यातल्या एकाला तरी तुम्ही दिवाळीच्या कार्यक्रमात भेटलेले असता.

वेळापत्रक आणि पाठपुरावा

काँग्रेस दोन वर्षांची असते. विषम वर्षाच्या जानेवारीत नवी सुरू होते आणि जुनी न संपलेली सगळी विधेयकं बाद होतात. म्हणून पहिल्या वर्षाच्या वसंतात सहप्रायोजक गोळा करायचे. त्या सुमाराला कार्यालयांना वेळही असतो. निवडणुकीच्या वर्षातल्या शरद ऋतूत नवं काही सुरू करू नका. एकटं विधेयक पुढे जात नसेल तर दरवर्षी मंजूर होणाऱ्या संरक्षण अधिकृतता कायद्याला ते जोडता येतं का, हे सहायकाला विचारा. तो प्रश्न विचारला की तुम्हाला थोडंफार कळतं हे त्याच्या लक्षात येतं.

भेटीनंतर दोन दिवसांत आभाराचा ईमेल, त्यात मागणी पुन्हा एका ओळीत. दर सहा आठवड्यांनी काँग्रेसच्या संकेतस्थळावर विधेयकाच्या पानावर सहप्रायोजकांची यादी पाहायची. तुमच्या सदस्याचं नाव आलं तर लगेच फोन करून धन्यवाद द्या. तक्रारीचे फोन रोज येतात, धन्यवादाचे क्वचित. ते लक्षात राहतात. नाव आलं नाही तर यादीतला शेजारच्या मतदारसंघाचा सदस्य दाखवून विचारा, यांनी केलं, आपले साहेब का थांबलेत?

आमचे साहेब अजून थांबलेलेच आहेत. सहायक दोनदा बदलला, दोन्ही वेळा ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागली. पुतण्याची वही आता १९५ वर आहे. डावीकडच्या तारखा वाढतात, उजवीकडचा रकाना तसाच. मी एकपानी पत्रकावर विधेयकाच्या क्रमांकाची जागा कोरी ठेवून पन्नास प्रती छापल्यात. क्रमांक पेनाने भरायचा, म्हणजे काँग्रेस बदलली तरी कागद फुकट जात नाही.